मालमोटारींच्या मिटलेल्या पेढ्या

कोल्हापूरचा गूळ गुजरातेत, सांगलीची हळद उत्तरेच्या बाजारांत, इचलकरंजीचे कापड भिवंडीत आणि निपाणीची तंबाखू विडी कारखान्यांत पोहोचवण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या स्थानिक ट्रान्सपोर्ट पेढ्यांनी केले, त्यांच्यापैकी फार थोड्या आज चालू आहेत. पिकवणाऱ्याचा, प्रक्रिया करणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा इतिहास महाराष्ट्रात बऱ्यापैकी लिहिला गेला. सहकारी साखर कारखान्यांचे गौरवग्रंथ निघाले, एसटीच्या वाटचालीवर पुस्तके झाली, रेल्वेने तर आपले वाफेचे इंजिनही स्थानकाबाहेर चौथऱ्यावर मांडून ठेवले. या सर्वांच्या मधोमध उभा असलेला, माल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती नेऊन देणारा ट्रान्सपोर्टवाला मात्र लेखनाच्या बाहेरच राहिला. लोकांच्या आठवणीत रंगीत ट्रक राहतो आणि त्याच्या पाठीवरची वाक्ये राहतात. पण ट्रक हा या व्यवसायाचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग होता. मूळ गोष्ट होती ती अनोळखी व्यापाऱ्यांमध्ये विश्वास निर्माण करणारी पेढी, आणि तिचे काम ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या जाण्याने काय गेले याचा अंदाज येणे कठीण आहे.

हुंडेकऱ्यांचे वारसदार

मोटारी येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावर आणि घाटवाटांवर हे काम हुंडेकरी करत असत. हुंडेकरी म्हणजे वाटेतली गाडीभाडी, जकाती, टोल आणि राखण हे सर्व एका ठरलेल्या रकमेत अंगावर घेऊन माल मुक्कामी पोहोचवण्याचा मक्ता घेणारा व्यावसायिक. त्याच्या मालकीच्या बैलगाड्या असतच असे नाही; गाडीवाले तो गोळा करी, पण मालाची जबाबदारी त्याची एकट्याची असे. अहिल्यानगर आणि सोलापूरकडे हे आडनाव म्हणून आजही भेटते. पुढे ट्रान्सपोर्ट कंपनी या नावाने जो व्यवसाय उभा राहिला त्याची घडण, म्हणजे वाहन दुसऱ्याचे आणि जोखीम आपली, ही हुंडेकऱ्यांच्या परंपरेतूनच आलेली दिसते.

रेल्वे आल्यावर ही परंपरा संपायला हवी होती, परंतु दक्षिण महाराष्ट्रात तसे झाले नाही आणि त्याचे एक मोठे कारण रुळांच्या रुंदीत होते. मुंबई ते पुणे हा लोहमार्ग रुंद मापाचा, तर पुण्याहून मिरजमार्गे कर्नाटकात जाणारा मीटर मापाचा असल्यामुळे कोल्हापूर-सांगलीचा मुंबईला जाणारा प्रत्येक डाग पुण्यात एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शीकडे तर तिसऱ्याच, अरुंद मापाच्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ होते. या चढउतारीत दिवस जात, पोती फाटत आणि मालाची तूट होई. कोल्हापूरपर्यंत रुंद रूळ येईतो 1970 चे दशक उजाडले, आणि मधल्या काळात दुकानाच्या दारातून निघून दुसऱ्या दुकानाच्या दारात उभ्या राहणाऱ्या मोटारीची सवय व्यापाऱ्यांना लागून गेली होती.

दुसरे कारण महायुद्धाचे. 1945 नंतर लष्कराने विकायला काढलेले ट्रक, ज्यांना बाजारात डिस्पोजलच्या गाड्या म्हणत, स्वस्तात मिळाले आणि लष्करात गाडी चालवायला शिकून आलेली माणसेही गावोगावी परतली. वाहन आणि ते हाकणारा हात एकाच वेळी उपलब्ध झाल्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी एक-दोन ट्रक असणारे मालक निर्माण झाले, त्यांच्याभोवती माल गोळा करणारे बुकिंग एजंट जमले आणि त्या दोघांच्या जोडणीतून पेढी तयार झाली. भागीदार बहुधा एकाच घरातले किंवा एकाच पेठेतले असत. पेढीचे नाव दैवताचे किंवा गावाचे ठेवून त्यापुढे रोडवेज, रोडलाइन्स, गुड्स कॅरिअर अथवा नुसते ट्रान्सपोर्ट असा शब्द जोडला जाई, आणि ही नावे इतकी सारखी असत की व्यापारी पेढी ओळखत ती नावापेक्षा गादीवर बसणाऱ्या माणसावरून.

बिल्टी: एका कागदावरचा व्यवहार

या पेढीचे हृदय होते ते तिचे बिल्टीबुक. बिल्टी म्हणजे माल ताब्यात मिळाल्याची पावती, वाहतुकीचा करार आणि माल सोडवून घेण्याचा हक्क, हे तिन्ही एकत्र असलेला कागद. कायद्याच्या आणि बँकेच्या भाषेत तिला लॉरी रिसीट म्हणतात. एका क्रमांकाच्या तीन-चार प्रती, प्रत्येकीचा रंग वेगळा, मध्ये कार्बन घालून एकाच दाबाने लिहिलेल्या. एक माल पाठवणाऱ्याला, एक घेणाऱ्यासाठी, एक ड्रायव्हरबरोबर आणि एक बुकात कायमची. तीवर पाठवणार आणि घेणार यांची नावे, नगांची संख्या, वजन, मालाचे वर्णन, पोत्यावर काळ्या रंगाने मारलेला व्यापाऱ्याचा खाजगी मार्का आणि भाड्याचा प्रकार लिहिला जाई. भाडे आधीच दिले असेल तर पेड, माल पोहोचल्यावर घेणाऱ्याने द्यायचे असेल तर टू पे, आणि कायमच्या गिऱ्हाइकाच्या नावे महिनाअखेर बिल करायचे असेल तर तशी नोंद. वर्णनासमोर बहुधा सांगण्याप्रमाणे अशा अर्थाचा शेरा असे, कारण बांधलेल्या गाठोड्यात खरोखर काय आहे हे पेढीचा कारकून उघडून पाहत नसे.

या कागदाची खरी ताकद बँकेच्या खिडकीवर दिसे. समजा, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला दूरच्या, कधी न पाहिलेल्या कापड व्यापाऱ्याला माल पाठवायचा आहे. माल थेट त्याच्या नावे धाडला आणि त्याने पैसे दिले नाहीत तर काय, ही भीती. आणि आधी पैसे मागितले तर समोरचा देणार नाही. तेव्हा माल बँकेच्या नावे बुक होई, बिल्टी आणि बीजक हुंडीला जोडून आपल्या बँकेत दिले जाई, ती बँक ते कागद पलीकडच्या गावातल्या बँकेकडे पाठवी आणि व्यापाऱ्याने तिथे पैसे भरून बिल्टी सोडवली की ती घेऊनच तो ट्रान्सपोर्टच्या गोदामावर जाई. मूळ बिल्टी दाखवल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा या व्यवस्थेचा कणा होता. ओळखीचा आहे, उद्या कागद आणून देतो म्हणतो, म्हणून एखाद्या गोदाम कारकुनाने माल सोडला तर पूर्ण रक्कम पेढीच्या अंगावर येई. म्हणूनच बँका वाटेल त्या पेढीची बिल्टी स्वीकारत नसत. इंडियन बँक्स असोसिएशन शिफारस केलेल्या वाहतूकदारांची यादी ठेवत आली आहे, आणि त्या यादीत नाव असणे ही तालुक्याच्या पेढीसाठी मोठी पत होती.

कायदाही वाहतूकदाराच्या बाबतीत कडक होता. 1865 चा कॅरिअर्स ॲक्ट, जो थेट 2011 मध्ये नवा कायदा अमलात येईपर्यंत चालला, त्यानुसार माल हरवला किंवा खराब झाला तर पेढीचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादीवर नसे. माल दिला आणि तो धड पोहोचला नाही एवढे दाखवले की पुरे. बिल्टीच्या पाठीमागे बारीक टाइपात छापलेल्या अटी, त्यातही मालकाच्या जोखमीवर ही अट, या कायद्यातून सुटण्याच्या धडपडीतून आल्या होत्या. आणि त्या अटींवर माल देणाऱ्याची सही आहे की नाही यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालले. नव्या, म्हणजे 2007 मध्ये संमत झालेल्या कॅरेज बाय रोड ॲक्टने ही जबाबदारी, मालाची अधिक किंमत आधी जाहीर केलेली नसेल तर, भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित केली.

एका गाडीत अशा तीस-चाळीस बिल्ट्यांचा सुटा माल भरला जाई, आणि त्या सर्वांची एकत्र यादी म्हणजे चलान ड्रायव्हरच्या हाती दिले जाई. हौद्यात माल लावणे हे शास्त्र होते. जो माल शेवटच्या मुक्कामी उतरायचा तो केबिनकडे, जो आधी उतरायचा तो फाळक्याजवळ. गुळाच्या ढेपा खाली, कापडाच्या गाठी वर, मिरचीची पोती चहाच्या खोक्यांपासून दूर, आणि रॉकेलचा डबा असेल तर धान्याच्या आसपासही नाही. मुकादमाला हे तोंडपाठ असे. ताडपत्री ओढून दोर आवळले गेले की मुनीम ड्रायव्हरला वाटखर्चाची उचल देई, उरलेले भाडे पलीकडच्या शाखेत मिळणार असल्याची चिठ्ठी देई आणि गाडी बहुधा रात्रीच सुटे.

कुर्ला, जमशेदपूर, एन्नोर

या पेढ्यांच्या गाड्या कोणत्या, हा आठवणींचा सर्वांत आवडता विषय आहे आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरशी झालेल्या करारामुळे डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडले. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड दिला. यातल्या जुन्या गाड्या पेट्रोलवर चालत, आणि डिझेल स्वस्त असल्यामुळे मालक त्यांचे इंजिन उतरवून मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनणारे पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घेत. हे रूपांतर गावातल्या गॅरेजमध्येच होई. इंजिनचे पाय जुळवण्यासाठी चासीला नव्याने भोके पाडणारे आणि गिअरबॉक्सशी सांधा जमवणारे मिस्त्री कोणत्याही तंत्रशाळेत शिकलेले नव्हते, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या फाउंड्री-वर्कशॉपच्या नंतरच्या भरभराटीत या दुरुस्तीच्या कामाचा वाटा मान्य व्हायला हवा.

1945 मध्ये रेल्वे इंजिने बनवण्यासाठी स्थापन झालेल्या टेल्कोने 1954 मध्ये डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा मर्सिडीज-बेंझचे ट्रक येऊ लागले. समोर जाळीवर तीन टोकांचा तारा असलेली ही गाडी बाजारात नुसत्या मर्सिडीज या नावाने ओळखली जाई. 1969 मध्ये करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी इंग्रजी टी अक्षर आले. गाडी मात्र तीच राहिली. तिच्या 1210 या क्रमांकात गाडीची कुंडलीच होती: पहिले दोन आकडे मालासह एकूण वजन बारा टन असल्याचे आणि पुढचे दोन शंभर अश्वशक्तीचे. हीच रीत पुढे 1613 मध्ये आणि 1986 च्या 407 मध्येही दिसते. लांब नाकाची 1210, तिच्यानंतरची अर्धे नाक आत घेतलेली सेमी फॉरवर्ड आणि इंजिन पूर्णपणे केबिनखाली घेणारी सपाट तोंडाची गाडी, असा क्रम जुने ड्रायव्हर एकाच श्वासात सांगतात. लांब नाकाच्या गाडीत उष्णता बाहेर राही, शिवाय समोरून धडक बसली तर ड्रायव्हरच्या पुढे चार-पाच फूट लोखंड असे. सपाट तोंडाच्या गाडीत हौद्याला जास्त लांबी मिळे, म्हणून मालकाला ती परवडे आणि ड्रायव्हरचे गुडघे इंजिनच्या कडेला भाजत. मद्रासजवळच्या एन्नोरहून अशोक लेलँडचा कॉमेट येई. ही कंपनी 1948 मध्ये अशोक मोटर्स म्हणून सुरू झाली आणि 1955 मध्ये तिने इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या लेलँड कंपनीचे नाव धारण केले.

कारखान्यातून येई ती बहुधा फक्त चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाके. त्यावर केबिन आणि हौदा बांधण्याचे काम स्थानिक सुतार, लोहार आणि पेंटर करत, त्यामुळे एकाच वर्षीच्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या सारख्या नसत. केबिनच्या कपाळावर पेढीचे नाव, खाली पब्लिक कॅरिअर ही कायद्याची पाटी, दारावर मालकाचे गाव, मागे फाळक्यावर हॉर्न ओके प्लीज. हे शेवटचे शब्द महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी 2015 मध्ये काढायला लावले, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवण्याला प्रोत्साहन मिळते असा निष्कर्ष निघाला. पेंटर अक्षरांना सावली देत, त्यात पिवळा आणि लाल भरत. त्या अक्षरांच्या वळणावरून गाडी कोणत्या गावात रंगली हे जाणकार सांगू शकत. आता पूर्ण केबिन कारखान्यातूनच येते. तिच्यात सुरक्षितता आणि आराम नक्कीच जास्त आहे आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही, मात्र गावोगावच्या बॉडी बिल्डिंगच्या शेड त्यामुळे ओस पडल्या.

बोर घाट, खंबाटकी, कात्रज, कसारा, कुंभार्ली हे या गाड्यांचे परीक्षेचे ठिकाण. नऊ-दहा टन माल घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना पाणी उकळे, तेव्हा बोनेट उघडून गाडी कडेला थांबवावी लागे; क्लीनर, ज्याला महामार्गावर सर्रास किन्नर म्हटले जाते, हातात लाकडी ठोकळा घेऊन गाडीबरोबर चालत असे आणि गाडी थांबताच तो मागच्या चाकाखाली सारत असे. ती त्याची उमेदवारी होती. ठोकळा वेळेवर सारण्यात चूक झाली नाही, ग्रीसिंग आणि टायर बदलणे जमले, वाटेतल्या हॉटेलांतले आणि नाक्यांवरचे चेहरे पाठ झाले, की मोकळ्या रस्त्यावर त्याच्या हाती स्टिअरिंग दिले जाई. बोर घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे वाहण्याची प्रथा या ड्रायव्हर-क्लीनरांनी पाळली आणि खंडेनवमीला गाडीचे पाने, जॅक आणि टॉमी धुऊन पुसून हौद्यासमोर पूजेला मांडले. पेढीच्या गादीवर लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होई, आणि त्या वह्यांत नवे बिल्टीबुकही असे.

परवाने, सीमा आणि नाके

पेढ्या प्रादेशिक राहिल्या त्या काही महत्त्वाकांक्षेच्या अभावामुळे नव्हे. 1939 च्या मोटार व्हेइकल्स ॲक्टने मालवाहतुकीचा परवाना ठरावीक प्रदेशापुरता देण्याची पद्धत घातली, आणि तिच्यामागे रस्त्यांच्या स्पर्धेपासून रेल्वेचे उत्पन्न वाचवण्याचा हेतू होता. एका प्रदेशाचा परवाना दुसरीकडे चालवायचा तर तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. 1956 मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा निपाणी आणि कोल्हापूर ही दोन शेजारी बाजारपेठा एका रात्रीत वेगवेगळ्या राज्यांत पडल्या. भाषेच्या अंगाने या सीमेची चर्चा पुष्कळ झाली. परंतु कागलपलीकडे गाडी नेण्यासाठी दुसऱ्या राज्याची प्रतिस्वाक्षरी, दुसरा कर आणि दुसरी तपासणी सोसणाऱ्या पेढ्यांच्या बाजूने तिच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

याचा परिणाम असा झाला की लांबचा माल अनेक पेढ्यांच्या साखळीतून जाई. सांगलीची पेढी माल पुण्यापर्यंत किंवा मुंबईपर्यंत नेई, तिथे इंदूर किंवा अहमदाबादच्या रस्त्यावर काम करणाऱ्या दुसऱ्या पेढीला तो सोपवी, आणि भाड्याची वाटणी आपसातल्या खात्यांवर होई. 1959 मध्ये मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्ता वाहतुकीचा अभ्यास करून एकेका गाडीचे मालक हेच या व्यवसायाचे दुबळेपण असल्याचे दाखवले आणि त्यांनी एकत्र येऊन सक्षम एकके बनवावीत असे सुचवले. पेढ्यांनी हे एकत्रीकरण आपल्या रीतीने आधीच केले होते: स्वतःच्या चार गाड्या आणि बाकी बाहेरच्या मालकांच्या जोडलेल्या, म्हणजे अटॅच गाड्या.

नॅशनल परमिटची योजना 1975 मध्ये आली, पण सुरुवातीला अशा परवान्यांची संख्या राज्यवार मर्यादित होती. 1986 मध्ये ती मर्यादा उठली. तरीही शहराच्या वेशीवरचा जकात नाका उरलाच. महापालिका हद्दीत येणाऱ्या मालावर जकात, आणि हद्दीतून नुसते पलीकडे जायचे असेल तर पारगमनाचा पास. सुट्या मालाच्या गाडीत चाळीस व्यापाऱ्यांचा माल म्हणजे चाळीस बीजके, आणि त्यांतल्या एकात वर्णन आणि बिल्टी जुळली नाही की सगळी गाडी रांगेबाहेर उभी. म्हणून प्रत्येक पेढीचा एक माणूस नाक्यावरच असे, ज्याला दरपत्रक तोंडपाठ आणि नाकेदाराची ड्यूटी कधी बदलते तेही ठाऊक. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द येथे रात्रभर लागणाऱ्या रांगांत डिझेल, झोप आणि भाजीपाला तिन्ही वाया जाई. नगरपालिकांची जकात राज्याने 1999 मध्ये बंद केली; मुंबईची मात्र 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू होईपर्यंत चालली. या नाक्यांचा जाच कोणालाही परत नको आहे, पण त्या जाचातून वाट काढण्याचे ज्ञान हेच छोट्या पेढीचे भांडवल होते, हेही तितकेच खरे.

मशीद बंदर ते कळंबोली

मुंबईतल्या मशीद बंदर, वाडी बंदर आणि चिंचबंदरच्या गल्ल्यांत राज्यभरच्या पेढ्यांच्या शाखा एकमेकींना खेटून होत्या. पाच-सहा फूट रुंदीचा गाळा, त्यात एक टेबल, भिंतीवर देवाची तसबीर आणि दिनदर्शिका, बाहेर वजनकाटा आणि दारातच माल. या गल्ल्यांत आजही हातगाड्यांची वर्दळ आहे आणि काही बुकिंग काउंटर चालू आहेत, मात्र त्यांच्यावरच्या पाट्यांत कुरिअर आणि कार्गो हे शब्द जास्त दिसतात. पाठीवर माल वाहणाऱ्या कामगारांत सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला, त्यानुसार मंडळे स्थापन झाली आणि मजुरी मुकादमाच्या मर्जीऐवजी मंडळामार्फत मिळू लागली. या कायद्यामुळे पेढ्यांचा खर्च वाढला अशी मालकांची तक्रार असे. परंतु ज्या खांद्यांवर हा संपूर्ण व्यवसाय उभा होता त्यांना भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतर बावीस वर्षे थांबावे लागले, ही बाजू जास्त वजनदार आहे.

1981 पासून 1996 पर्यंत मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेला, लोखंड बाजार कळंबोलीला गेला आणि 1989 मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. माल खाडीपलीकडे सरकला तशा गाड्याही सरकल्या. कळंबोलीत आज उभे राहिले तर लोखंडी कॉइल वाहणाऱ्या लांब ट्रेलरच्या आणि कंटेनर गाड्यांच्या रांगा दिसतात. त्यांच्या दारांवर देशभरची नोंदणी असते आणि कपाळावर पेढीऐवजी मालकाच्या मुलांची नावे. एमएच 09, 10, 11 या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गाड्या त्यांत पुष्कळ आहेत. म्हणजे त्या भागातला ट्रकमालक संपलेला नाही, ड्रायव्हरही संपलेला नाही. मधली पेढी तेवढी नाहीशी झाली आहे.

पेढ्या मिटल्या त्या कशाने

एका कारणावर बोट ठेवणे सोपे असले तरी योग्य ठरणार नाही. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या आणि कापूस, सूत, रंग, कापड यांची नेहमीची भरती गेली. 2000 च्या दशकात पुणे-बेंगळुरू मार्ग चौपदरी झाला आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने घाट सुकर केला, तेव्हा दोन दिवसांचा प्रवास एका रात्रीत आला. वेगाचा फायदा जास्त चाकांच्या, जास्त वजन वाहणाऱ्या गाड्यांना झाला आणि त्या घ्यायला लागणारे कर्ज भागीदारीतल्या पेढीला पेलवेना. कोकणात तर 1999 पासून कोकण रेल्वेने कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास सुरुवात केली. 2005 मध्ये टाटा एस आली, जिला महाराष्ट्राने छोटा हत्ती म्हटले, आणि जवळच्या गावांचा सुटा माल पेढीच्या गोदामात न जाता थेट दुकानाच्या दारात जाऊ लागला.

शेवटचा आणि बहुधा सर्वांत खोल घाव मात्र उधारीचा होता. मोठ्या कंपन्या भाड्याची बिले दोन-तीन महिन्यांनी चुकती करू लागल्या, तर डिझेल, टोल आणि ड्रायव्हरची उचल रोखीने द्यावी लागे. ही मधली दरी भरायला पूर्वी पेठेतला सावकार किंवा सहकारी बँक असे. आता तिथे कंपनीचा ताळेबंद मागितला जाऊ लागला, आणि वहीवर चालणाऱ्या पेढीकडे तो नव्हता. जीएसटीनंतर प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज संपल्याने उत्पादकांनी छोटे डेपो बंद करून भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी गोदामे केली, आणि 2018 पासून पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले. ज्यांनी वेळीच शाखांचे जाळे वाढवले ते टिकले. गदगला 1976 मध्ये एका ट्रकवर सुरू झालेली विजयानंद रोडलाइन्स किंवा 1958 मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेली ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. बाकीच्यांनी बहुधा दिवाळे काढले नाही. देणी फेडली, गाळा भाड्याने दिला, मुलगा इंजिनिअर झाला आणि बुकिंग थांबले.

जीएसटी कायद्याने एक गोष्ट मात्र नकळत स्पष्ट केली आहे. त्यातली गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सीची व्याख्या बिल्टीवर आधारलेली आहे: जो बिल्टी देतो तो एजन्सी, आणि जो त्याला नुसता ट्रक भाड्याने देतो तो नव्हे. पेढीची ओळख वाहनात नसून मालाची जबाबदारी घेण्यात आहे, हे हुंडेकऱ्यांच्या काळापासूनचे सूत्र करकायद्याने आपल्या शब्दांत पुन्हा लिहून ठेवले.

नोंद कुठे शोधायची

ब्रिटनमध्ये 1947 च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या मालवाहतूक कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, शेकडो प्रादेशिक नावे ब्रिटिश रोड सर्व्हिसेसमध्ये विरघळली, आणि तरीही त्या नावांच्या आठवणी तिथे कसोशीने जपल्या गेल्या. लेलँड गावातच 1983 पासून मालमोटारींचे संग्रहालय आहे. ज्या गावाचे नाव एन्नोरच्या प्रत्येक ट्रकवर आहे त्या गावाने आपल्या गाड्या ठेवल्या, पण त्याच नावाचा पन्नाशीतला कॉमेट महाराष्ट्रात पाहायचा म्हटले तर जावे कुठे, हा प्रश्न पडतो. अहिल्यानगरला रणगाड्यांचे उत्तम संग्रहालय आहे. मालमोटारींसाठी तसे काही उभे राहिलेले नाही, आणि जुन्या गाड्या तुकडे होऊन कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत विखुरल्या.

आरटीओच्या नोंदवह्यांतून पेढी सापडेल ही आशाही फोल ठरते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक उपक्रमाला 1961 चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट लागू होई, आणि दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला प्राप्तिकरात ठोक दराने हिशेब देण्याची सवलत 1994 पासून मिळाली. अशा तरतुदींमुळे एकाच घरच्या गाड्या भाऊ, भावजय आणि मेहुणे यांच्या नावांवर वाटून ठेवणे सोयीचे होते. नोंदवहीत म्हणून सुटे मालक दिसतात, पेढी दिसत नाही.

ती दिसते अनपेक्षित ठिकाणी. उच्च न्यायालयांच्या निकालांत, जिथे हरवलेल्या गाठींच्या खटल्यात बिल्टीच्या अटी शब्दशः उद्धृत झालेल्या असतात. जिल्हा भागीदारी नोंदणीत. गणेश मंडळांच्या, नाट्यसंमेलनांच्या आणि शाळांच्या स्मरणिकांत. आणि सर्वांत जास्त जिल्ह्याच्या गावांतून निघणाऱ्या दिवाळी अंकांच्या मागच्या पानांवर, जिथे हार्दिक शुभेच्छांखाली पेढीचे नाव, तार करण्याचा पत्ता, तीन-चार आकडी दूरध्वनी क्रमांक आणि शाखांची यादी छापलेली असे. ही यादी निरखून वाचली पाहिजे. एका वर्षी कोल्हापूर, निपाणी, पुणे, मुंबई. चार वर्षांनी त्यात हुबळी आणि सुरत. आणखी काही वर्षांनी सुरत गळालेले. पेढीचा विस्तार, तिची बाजारपेठ आणि तिची उतरण अशा चार-पाच जाहिराती शेजारी ठेवल्या तर नकाशावर काढता येते. ग्रंथालयांत दिवाळी अंक बांधून ठेवताना जागा वाचवण्यासाठी जाहिरातींची पाने काढून टाकण्याची सवय आहे; निदान जिल्हा ग्रंथालयांनी ती थांबवावी, आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी बिल्टीबुके पडून आहेत त्या कुटुंबांनी ती रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास किंवा वाणिज्य विभागाला दाखवावीत. एका बुकात शंभर बिल्ट्या असतील तर शंभर व्यवहारांचा बाजार त्यात असतो: कोणी कोणाला काय पाठवले, किती वजनाचे, किती भाड्याने, आणि पैसे कोणी द्यायचे होते.